दोन भोकांचं निळं बटण

१

मंगळवारी सकाळी मी अल्बमचं शेवटचं पान उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कार्डाचा खिसा रिकामा होता. अगदी रिकामा म्हणता येणार नाही. आत एक बटण होतं. निळं, मध्यम मापाचं, दोन भोकांचं.

आता हे कार्ड कसलं ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढ्याशा कागदासाठी बाईने आकाशपाताळ एक केलं.

मी शिवणकाम करते. तळमजल्यावर पुढे दुकान, मागे माझं स्वयंपाकघर, आणि जिना चढून वर एक खोली. त्या खोलीत गेली सतरा वर्षं 'दूरतारा' नावाचा खेळ चालतो. खेळ पत्त्यांचाच, पण त्यावर राजा नाही आणि राणी नाही, आहेत ती अंतराळयानं, परग्रहांवरचे तळ आणि तीन-तीन डोळ्यांचे कसले कसले प्राणी. एक कंपनी ही कार्डं बंद पुड्यांतून विकायची. आत काय निघेल ते पुडी फोडेपर्यंत कळायचं नाही, म्हणून चांगली मिशीवाली माणसं दुकानाच्या दारातच उभी राहून पुड्या फोडायची. बारा वर्षांपूर्वी कंपनीला टाळं लागलं. शेवटच्या संचात म्हणे सगळी यानं घरी परतणार होती. तो संच आलाच नाही. शहाण्या लोकांनी खेळ सोडला. माझ्या माडीवरच्यांनी सोडला नाही. दर रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी मंडळी हजर.

हे खूळ घरात आणलं माझ्या धाकट्या भावाने. आई गेल्यापासून त्याला मीच वाढवला, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत धाकटाच म्हणायची. नोकरी जमिनीचे नकाशे काढायची आणि डोकं कायम आभाळात. कंपनीने एकदा खेळणाऱ्यांकडूनच नवीन कार्डं मागवली, त्यात धाकट्याचं निवडलं गेलं. नाव 'परतीचा दिवा'. गोल खिडकीत दिवा, आणि कठड्यावर कोपरं टेकून बाहेर बघणारी एक मुलगी. ती मुलगी म्हणजे त्याची लेक, आमची बिट्टी, तेव्हा आठ वर्षांची. पुढचे दोन दात पडलेले, तेसुद्धा लबाडाने तसेच काढलेत. कंपनीने एकच नमुना छापून पाठवला आणि महिन्याभरात दुकान गुंडाळलं. त्या कार्डाची दुसरी प्रत जगात नाही.

पुढच्या वर्षी धाकटा गेला. आठ दिवसांचा ताप, बस्स. दुःखात माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. भावजयीला मी नको ते बोलले, तुझं लक्ष असतं तर तो वाचला असता म्हणाले. पंधरा दिवसांत ती बिट्टीला घेऊन लांब तिच्या भावाकडे निघून गेली. त्या दिवशी मी मुद्दाम कापड आणायला गेले होते, निरोप द्यायला नको म्हणून. परत आले तर घर सुनं. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा बिट्टीचा कानतुटका पेलासुद्धा नेलेला, आणि त्या जागी माझंच एक पितळी बटण पडलेलं. पोर जाता जाता खेळत बसली असेल. मी ते डब्यात फेकलं आणि तिथे मशीनच्या तेलाची बुधली ठेवली. नऊ वर्षांच्या पोरीला आत्यासाठी एक चिठ्ठी लिहावीशी वाटली नाही, हा राग मी अकरा वर्षं इस्त्री करून जपून ठेवला.

दोन महिन्यांपूर्वी शेवटी मीच नमतं घेतलं. पत्र लिहिलं, की तुझ्या बाबाचं कार्ड माझ्याकडे आहे, त्यावर हक्क तुझा, येऊन घेऊन जा. उत्तर आलं दोन ओळींचं. आधी सोमवारी येते म्हणाली, मग कळवलं की शनिवारीच येते.

आता शनिवारी ती दारात उभी राहणार आणि मी तिच्या हातावर काय ठेवू, हे बटण? आत्याने भेटीसाठी थाप मारली असंच ती म्हणेल, आल्या पावली परत जाईल, आणि पुन्हा काही या दाराशी यायची नाही.

वरच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते. रविवारी सकाळी धूळ पुसताना कार्ड खिशात होतं, मी या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर खोलीत तीनच माणसं आली होती, घड्याळजी, ड्रायव्हरबाई आणि मास्तर. तिघांनाही मी सतरा वर्षं चहा पाजला होता.

२

पहिला संशय घड्याळजींवर. कारण उघड होतं. दूरताराची एकूण तीनशे बारा कार्डं, त्यातली तीनशे अकरा यांच्याकडे. दरवर्षी एकदा खाकरून मला विचारणार, "बाई, ते धाकट्याचं कार्ड द्यायचं मनात आहे का?" आणि दरवर्षी मी म्हणणार, "नाही."

दुपारी मी त्यांच्या दुकानात पोचले तर ड्रायव्हरबाई तिथेच. ती शहराची बस चालवते, आणि दोन फेऱ्यांमधल्या सुट्टीत इथे येऊन डबा खाते. काउंटरवर घड्याळांची आतडी पसरलेली आणि त्यांच्या मधोमध दोघांचा डाव रंगलेला. घड्याळजींनी तिचं एक कार्ड उचलून स्वतःकडे ठेवलं आणि त्या जागी खिशातलं पांढरं बटण टेकवलं.

"वा हो वा," ड्रायव्हरबाई म्हणाली, "यान माझं पळवलंत आणि बटण तुमचं ठेवता? मास्तर असते तर घर डोक्यावर घेतलं असतं."

"मास्तर नाहीत म्हणून तर ठेवलं. यान ज्याचं, बटण त्याचं, हा नियम आता एकटे तेच पाळतात. आपण आपलं हाताला लागेल ते टाकतो."

मी निळं बटण काचेवर आपटलं.

"कार्ड गेलं," मी म्हटलं. "आणि त्या जागी हे ठेवून गेलंय कुणीतरी. हे धाकट्याच्या शाळेच्या कोटाचं बटण आहे, ते मीच शिवलं होतं आणि मीच उसवलं. अशी सहा बटणं वरच्या टेबलाच्या खणात गोळ्यांच्या डबीत असायची, आता हे एकच उरलं होतं. आता बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ड्रायव्हरबाई हळूच म्हणाली, "ताई, मग चोरी नाही झालेली."

"कार्ड जागेवर नाही, आणि चोरी नाही?"

"अहो, तुम्ही कधी खेळलाच नाहीत म्हणून. यान सफरीवर गेलं की जागा मोकळी सोडायची नाही, खूण ठेवायची. पुड्यांतल्या प्लास्टिकच्या खुणा केव्हाच हरवल्या, म्हणून तर तुमच्याकडून बटणं मागून न्यायचो. जितकी भोकं तितक्या फेऱ्यांनी यान परत येणार. दोन भोकं म्हणजे दोन फेऱ्या."

"म्हणजे चोर पावती फाडून गेला?"

"सवय हो ताई. मी घरी फ्रिजमधून पातेलं काढलं तरी त्या जागी बटण ठेवते. सासूबाई हसतात मला." हे सांगताना तिला स्वतःलाच कसंतरी झालं, कारण याचा अर्थ तिलाही कळला होता. असं बटण ठेवणारी माणसं या गावात तीनच होती.

घड्याळजी लाल झाले होते. त्यांनी आतून आपली वही आणली आणि शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. तिथेही एक रिकामा खिसा होता. "ही जागा मी अकरा वर्षं मोकळी ठेवलीय, बाई. पळवून भरायची असती तर पहिल्याच वर्षी भरली असती. माझा खिसान् खिसा तपासा." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि रविवारी सगळे उतरल्यावर परत वर कोण गेलं होतं, ते हिला विचारा."

ड्रायव्हरबाईच्या हातातला घास तसाच राहिला.

३

ती मला बाहेर घेऊन आली, बस उभी होती तिथे. पायरीवर बसलो. बराच वेळ नुसती किल्ल्यांशी चाळा करत होती.

"मी दर रविवारी परत वर जाते, ताई. दादांची, तुमच्या धाकट्याची, खुर्ची आत सरकवायला. खेळताना आम्ही ती थोडी बाहेर ओढून ठेवतो, ते बसलेत असं. नंतर ती तशीच राहिलेली बघवत नाही." तिने नाक पुसलं. "मी गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाले होते, तेव्हा दादांनी कार्डांवर रस्ता मांडून मला वळणं शिकवली. त्यांच्या कार्डाला हात लावेन मी? पण खरं सांगते, ते शनिवारी जाणार म्हणून मला दोन रात्री झोप नाही."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि उठले. माझी समजूत काढायची पद्धत तीच आहे.

"आणि मास्तर?"

"मास्तर कशाला घेतील? ते तर त्याला कार्डच मानत नाहीत. तुम्हाला माहीत नाही? शेवटच्या डावात दादांची सगळी यानं हरवली होती. मग त्यांनी परतीचा दिवा काढला. ते कार्ड लावलं की हरवलेली सगळी यानं परत येतात, कितीही फेऱ्या झालेल्या असोत. मास्तर म्हणाले, बाजारात न आलेलं कार्ड चालणार नाही. अमान्य. दादा हसले, म्हणाले, उरलेला डाव पुढच्या रविवारी. त्या रविवारी ते अंथरुणात होते."

मला तो दिवस आठवला. मास्तर जिना उतरत होते, खेळायची मोठी लाकडी फळी दोन्ही हातांनी आडवी धरून, वर चादर टाकलेली. मी मनात म्हटलं होतं, बघा, हरायला आले असतील म्हणून फळीच घेऊन निघाले. तेव्हापासून वर कपाटाच्या जुन्या दारावर खेळ चालतो.

मास्तर सकाळ-दुपार वाचनालयात असतात. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण बसतात अजून वर्गावर लक्ष ठेवल्यासारखे. घरी फोन नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. खेळाला सगळ्यांच्या आधी तासभर येऊन डाव मांडणार, डाव चालू असताना खेळाशिवाय एक शब्द कुणाला बोलू देणार नाही, आणि डाव संपला की छत्री उचलून सगळ्यांच्या आधी चालू पडणार.

मी त्यांच्यासमोर बसून बटण वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"दोन भोकं," ते म्हणाले. "मग काळजी कसली? जागा धरलेली आहे."

"मास्तर, पोरगी येतेय! मी तिला काय दाखवू?"

"सोमवारपर्यंत वेळ आहे की, बाई. ज्याने नेलं तो आणून ठेवेल. आणि हे बटण होतं तिथे ठेवा. मुदतीच्या आत उचलायचं नसतं."

माझा असा संताप झाला! घरात चोरी झालीय आणि हे गृहस्थ मला नियम शिकवतायत. मी बटण उचललं आणि खुर्चीचा मोठ्ठा आवाज करून बाहेर पडले. चार वाचकांनी माना वर करून पाहिलं.

४

बुधवारी संध्याकाळी मास्तर आले नाहीत.

सतरा वर्षांत हे पहिल्यांदा. आम्ही तिघं वरच्या खोलीत कपाटाच्या दाराभोवती मूग गिळून बसलो होतो. धाकट्याची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली. हाताला चाळा म्हणून मी बटणांचा डबा वर आणला होता. त्यातलं एक पितळी बटण मी बोटांत फिरवत होते, कोटाचं, पुढून सपाट आणि मागे कडी असलेलं.

"यांना भोकं नसतात," मी म्हटलं. "म्हणून तुमच्या उपयोगाची नाहीत वाटतं."

"आहेत ना," ड्रायव्हरबाई म्हणाली. "क्वचित लागतात. तो नियम दादांनी आणि बिट्टीने मिळून केला होता, मास्तरांनी तेवढा कसा कोण जाणे मान्य केला. कडीचं बटण ठेवलं म्हणजे कधी परत येईन ते सांगता येत नाही, पण येणार नक्की. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची नाही."

माझ्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली फळी आली. पेल्याची जागा. पितळी बटण. पोर खेळत बसली नव्हती. पोरीने तिला येत होती त्या भाषेत आत्याला चिठ्ठी लिहिली होती, आणि मी ती वाचली नाही. फेकून दिली, आणि वर त्या जागेवर तेलाची बुधली ठेवली.

"ताई? काय झालं?"

"काही नाही," मी पदराने डोळे पुसले. "धूळ फार आहे इथे. आता ऐका. ते कार्ड मला शनिवारच्या आत हवं म्हणजे हवं."

तेवढ्यात मला माझाच शब्द ऐकू आला. शनिवार.

"रविवारी तुम्ही दोघं जिना चढत होतात तेव्हा मी काय सांगितलं?"

"की बिट्टी सोमवारी नाही, शनिवारी येणार," घड्याळजी म्हणाले.

"आणि मास्तर तेव्हा कुठे होते?"

"ते कधीचे वर आले होते."

"तुमच्यापैकी कुणी त्यांना सांगितलंत?"

"डाव चालू असताना कोण बोलणार? आणि नंतर ते लगेच गेले."

"काल वाचनालयात ते मला म्हणाले, सोमवारपर्यंत वेळ आहे. ज्याने कार्ड नेलं त्याने दोन भोकांचं बटण ठेवलं, म्हणजे दोन बैठका. बुधवार आणि रविवार. रविवारी आणून ठेवलं की सोमवारी बिट्टीला मिळालं, कुणाला कळायचंही नाही. हा हिशोब कोण करेल? ज्याला शनिवारचं माहीत नाही तोच. तुम्ही दोघांनी नेलं असतंत तर शनिवारच्या आत, म्हणजे आजच परत ठेवलं असतंत, रविवारची मुदत घेतली नसतीत."

घड्याळजी म्हणाले, "पण बाई, ते कार्ड त्यांना मान्यच नाही."

"आणि बटण? तुम्ही उचललं असतंत तर तिथे पांढरं असतं. हिने उचललं असतं तर हाताला लागेल ते. हे चोराने खण उघडून, डबी शोधून, धाकट्याचं बटण काढून ठेवलंय. कार्ड धाकट्याचं, म्हणून बटण धाकट्याचं. चोरी करतानासुद्धा नियम मोडवला नाही, असा चोर आपल्यात एकच आहे."

दोघंही खुर्चीकडे बघत राहिले.

"पण त्यांनी ते न्यायचं तरी कशासाठी?" ड्रायव्हरबाईने विचारलं.

ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. मला फक्त ती चादर टाकलेली फळी आठवत होती.

५

गुरुवारी सकाळी मास्तरांच्या दाराची कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाले.

दोन खोल्या, सगळं जागच्या जागी. खिडकीशी टेबल, टेबलावर ती जुनी फळी, आणि फळीवर एका जुन्या खिडकीची काच. काचेखाली डाव मांडलेला होता. ज्या कार्डांवर ऊन येत होतं त्यांचे रंग उडून गेले होते. एका बाजूला मास्तरांची यानं ओळीने उभी. दुसऱ्या बाजूला यान एकही नाही, नुसती पाच निळी बटणं. एवढी वर्षं मी समजत होते की डबीतली बाकीची बटणं याच लोकांनी हरवली.

शेजारी धुतलेल्या हातरुमालावर बिट्टी खिडकीतून बघत होती. दोन दात पडलेली.

"जसा सोडला होता तसा आणला," मास्तर म्हणाले. "जिना उतरताना एक कार्ड हललं नाही."

"तुम्ही त्या दिवशी रुसून गेलात असं मला वाटलं होतं."

"पुढच्या रविवारी तो येणार होता ना. डाव मोडायला नको म्हणून घेऊन आलो." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "मी नियमाने बरोबर होतो, बाई. आजही बरोबर आहे. बाजारात न आलेलं कार्ड चालत नाही. पण तो आठ दिवसांत मरणार आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी नियमाला लाथ मारली असती हो. एक शब्द म्हणायचा होता. एवढासा."

मी चिडायला आले होते. घरून सगळी वाक्यं तयार करून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना.

"मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही दिलं असतंत?"

नसतं दिलं. वर चार शब्द सुनावले असते.

"ते कार्ड कायमचं जाणार. त्याआधी एकदा त्याला ते लावू द्यावं, एवढंच होतं मनात. रविवारी अल्बममधून काढलं, घरी आणलं. लावलं नाही अजून."

"का?"

"ज्याचं कार्ड त्याच्याच हाताने लावावं लागतं," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी खिडकीबाहेर बघितलं. "चार दिवस समोर बसलोय. समोरच्या खुर्चीवर कुणी नाही."

थोड्या वेळाने मी म्हटलं, "मास्तर, ते कार्ड आता बिट्टीचं आहे ना?"

"आहे."

"मग लावायचा हातही तिचाच. शनिवारी फळीसकट या. हलू देऊ नका. आणि कार्डही तुम्हीच आणा, तुमची मुदत रविवारपर्यंत आहे."

"शनिवारी? सोमवारी ना?"

"शनिवारी हो, मास्तर. जरा माणसांशी बोलत जा," मी म्हटलं, आणि तिथून निघाले. रस्त्यात मला भीती वाटायला लागली. कार्ड हातात आलं होतं आणि मी ते चोराकडेच ठेवून आले होते.

६

शुक्रवारी मी दुकान बंद ठेवलं आणि डबा चादरीवर उपडा केला. हजारभर बटणं. त्यात पितळी, कडीची, त्या मापाची निघाली नऊ. कुठलं तिचं ते ओळखू येईना. शेवटी फळीवरची तेलाची बुधली हलवली, तिचा गोल डाग सोडा लावून घासला, आणि नऊच्या नऊ बटणं तिथे ओळीने मांडली. मला दुसरं काही सुचलं नाही.

शनिवारी दुपारी ती आली, तीही ड्रायव्हरबाईच्याच बसने. वीस वर्षांची, उंच, कपाळ हुबेहूब धाकट्याचं. दात सगळे आलेले. लहानपणी मला अगं-तुगं करणारी पोर दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही कशा आहात?" मी बरी आहे म्हटलं. बाहेर बसवून घेण्यासारखी पाहुणी झाली होती ती. मी तिला दुकानातूनच वर नेलं.

मास्तर आले होते. फळी टेबलावर होती, काच काढलेली. त्यांनी उभं राहून तिच्या हातात कार्ड दिलं.

"हे तुझं. न विचारता नेलं होतं, त्याची माफी मागतो. तुझ्या बाबांचा एक डाव अर्धा राहिलाय. पाळी त्यांची आहे."

तिने कार्डावरच्या आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग बाबाची खुर्ची ओढून बसली, जराही न विचारता, आणि कार्ड मधोमध लावलं. घड्याळजींनी श्वास रोखल्याचं मला ऐकू आलं.

मास्तर बराच वेळ कार्डाकडे बघत होते.

"मान्य," ते म्हणाले.

बिट्टीने एकेक निळं बटण उचललं आणि त्या जागी एकेक यान परत ठेवलं. पाचही. घड्याळजी चष्मा पुसत होते, पुसतच होते. मास्तरांनी डाव नजरेने मोजला आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं ते हसले. "हरलो मी," ते म्हणाले. "चांगलाच हरलो."

तिने कार्ड रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवलं. "निघते मी. साडेपाचची बस आहे."

एवढंच होतं तर. कार्ड मिळालं, काम झालं.

"चहा तरी घेऊन जा," मी म्हटलं, आणि तिची वाट न बघता खाली स्वयंपाकघरात आले. आधण ठेवलं. साखर सांडली. मागे पावलं वाजली आणि दारात थांबली. मी वळले नाही.

"हे काय?"

"बटणं," मी म्हटलं. "तुझं कुठलं ते ओळखता येईना. म्हणून सगळीच ठेवली."

ती फळीपाशी गेली. एकेक उलटं करून बघत गेली. सहावं उचललं. "हे. याची कडी वाकडी आहे. दारात चेमटलं होतं माझ्याकडून." मग आवाज चढला तिचा, अगदी माझ्यासारखा. "म्हणजे तुला कळलं होतं! मग अकरा वर्षं बोलावलं का नाहीस? मी वाट बघत होते गं. मला वाटलं, जागा दिली असशील दुसऱ्या कशाला तरी."

"दिली होती," मी म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही. "तेलाची बुधली ठेवली होती. मला बटणाचं बुधवारी कळलं, बिट्टे. या बुधवारी."

ती माझ्याकडे बघत राहिली. आधी हसायला लागली. हसता हसता ओट्याला धरून रडायला लागली, आणि मग मला काही दिसेनासं झालं. चहा उतू गेला. जाऊ दिला.

डोळे पुसून तिने पिशवी उघडली. कपड्यांच्या तळाशी, शालीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते काढलं, फळीवरची बटणं बाजूला सारली आणि कानतुटका पेला त्याच्या जागेवर ठेवला.

"यात दे चहा," ती म्हणाली.

बाहेर ड्रायव्हरबाईने दोनदा हॉर्न वाजवला, थोडी थांबली, आणि साडेपाचची बस घेऊन निघून गेली.